परमत-परिचय : ख्रिस्ती मनुष्य ईश्वर कोणत्या आधारावर मानतो?

म्हसवडच्या पेठेतून मार्गशीर्षात सिद्धनाथाचा रथ निघतो, तेव्हा जैन दुकानदारही दुकानापुढची जागा झाडून घेतो, पाण्याचा माठ भरून ठेवतो आणि रथ समोर आला की गादीवरून उठून उभा राहतो. सिद्धनाथ हा जगाचा कर्ता आहे, असे त्याचे दर्शन मानत नाही. तरी उभे राहण्यात त्याला कधी अडचण वाटलेली नाही. शेजाऱ्यालाही हे ठाऊक असते. त्यामुळे माणदेशातल्या या गावात ‘तुम्ही देव मानता की नाही?’ असा प्रश्न सहसा कोणी कोणाला विचारत नाही. तो प्रश्न बहुधा बाहेरून येतो. पेठेतील एका भुसार व्यापाऱ्याच्या घरी तो मिरजेहून आला.

घरातील वडीलधारे गृहस्थ पेठेत ‘अण्णा’ म्हणून ओळखले जातात, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्या पत्नी श्रावणात मिरजेच्या एका रुग्णालयात एकोणीस दिवस होत्या. रात्रपाळीच्या परिचारिका ख्रिस्ती होत्या, कोल्हापूरकडच्या. सलाइनची नळी तपासून झाली, नोंद लिहून झाली की त्या पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहून अर्धा मिनिट डोळे मिटत. ओठ हलत; आवाज नसे. तिसऱ्या रात्री अण्णांच्या थोरल्या चिरंजीवांनी त्यांना बाहेर गाठून सांगितले, “सिस्टर, आमच्या आईला णमोकार पुरेसा आहे.” अण्णांनी मुलाला आत बोलावले आणि म्हणाले, “राहू दे. ती काही मागून नेत नाही.”

पुढे एका पहाटे तपासणीचा अहवाल वाईट आला. सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, “आजोबा, देवाची इच्छा असेल तसं होईल.” इतके दिवस गप्प असलेले अण्णा त्या वेळी मात्र बोलून गेले, “आमच्यात कोणाची इच्छा नसते, सिस्टर. ज्याचं त्याचं कर्म असतं.” बोलण्यात धार होती. सिस्टरांनी राग मानला नाही. त्यांनी फक्त विचारले, “मग आजोबा, रात्रभर तुम्ही कोणाशी बोलत असता?”

एकोणिसाव्या दिवशी आजी गेल्या. सुतक फिटले, माणसे पांगली, आणि तो प्रश्न घरात राहिला. अण्णांची नात मिरजेलाच फिजिओथेरपीचे शिक्षण घेते. तिला आजोबांनी सांगितले, “त्यांचं म्हणणं नीट समजून घ्यायचं आहे. टीका करणारी पुस्तकं नकोत. ती आपल्याकडे पुष्कळ आहेत.”

हा आग्रह जुन्या आचार्यांच्या रीतीला धरूनच होता. परमताचे खंडन करण्यापूर्वी पूर्वपक्ष असा मांडावा की, प्रतिपक्षाने मान डोलवावी, ही आपल्या तर्कग्रंथांची शिस्त आहे. मल्लिषेणांची ‘स्याद्वादमंजरी’ इ. स. १२९२ ची, तीत जगत्कर्त्या ईश्वराचा पक्ष एवढ्या सविस्तर येतो की, मधलेच पान उघडणाऱ्याला ग्रंथकार ईश्वरवादी वाटावा. त्या काळी समोर नैयायिक होते. त्यांचे अनुमान प्रसिद्धच आहे: घट हे कार्य आहे, त्याला कुंभार लागतो, पर्वत-समुद्रही कार्य आहेत, त्यांनाही कर्ता लागतो. दहाव्या शतकातील उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त या पक्षाला मजबूत रूप दिले. त्याच्याही आधी, नवव्या शतकात, जिनसेनाचार्यांनी ‘आदिपुराणा’त कर्तृत्ववादावर प्रश्नांची सरबत्ती केली होती. जग निर्माण करण्यापूर्वी कर्ता कोठे होता? तो अमूर्त असेल तर मूर्त पदार्थ कसे घडवील? कृतकृत्य असेल तर घडवण्याची इच्छा का व्हावी? लीला म्हणून केले असेल तर ते पोरकटपणाचे, आणि करुणेने केले असेल तर एवढे दुःख कशासाठी? हे प्रश्न आपल्या पाठशाळांतील मुलांनाही ठाऊक असतात.

परंतु ख्रिस्ती पक्ष कुंभाराच्या दृष्टांताशी पुरता जुळत नाही, आणि येथे आपल्याकडची अनेक खंडने नेम चुकतात. नैयायिकांचा ईश्वर आधीच असलेल्या परमाणूंतून जग रचतो. ख्रिस्ती मताचा ईश्वर कशातूनही रचत नाही. काहीच नसताना तो जगाला ‘असणे’ देतो. तेव्हा ‘माती कोठून आणली?’ हा प्रश्न त्याला लागू पडत नाही. तेराव्या शतकातील इटालियन धर्मपंडित थॉमस अॅक्वायनस यांनी ईश्वराच्या अस्तित्वाकडे नेणारे पाच मार्ग मांडले. त्यांतील कार्यकारणाचा मार्ग बहुतेक जण असा समजतात की, खूप मागे मागे गेले की एक पहिले कारण सापडते. अॅक्वायनस यांचे म्हणणे त्याहून निराळे आहे. जगाला काळात आरंभ होता हे केवळ बुद्धीने सिद्ध करता येत नाही, असे त्यांनी स्वतःच लिहिले आहे. त्यांचा रोख मागच्या काळाकडे नसून या क्षणाकडे आहे.

अण्णांना हे दुकानातल्या जुन्या तराजूवरून उमगले. तो तराजू तुळईला टांगलेला असे. पारडे साखळीला, साखळी दांडीला, दांडी आकड्याला, आकडा वरच्या कडीला. साखळी कितीही लांब केली तरी वर तुळई नसेल तर पारडे लोंबकळणार नाही. आणि तुळई काल होती एवढ्यावर पारडे आज टिकणार नाही, ती आत्ता असावी लागते. जगातील प्रत्येक वस्तू अशी दुसऱ्यावर टांगलेली आहे, म्हणून स्वतः कशालाही न टांगलेले काहीतरी आत्ता असलेच पाहिजे, आणि त्याला ईश्वर म्हणावे, हा तो युक्तिवाद.

जैन उत्तर येथेही उभे राहते, पण ते जिनसेनांच्या प्रश्नांहून वेगळ्या जागी उभे राहते. वस्तूंची रूपे एकमेकांवर अवलंबून असतात, पर्याय उपजतात आणि नष्ट होतात. परंतु द्रव्य कोणावर टांगलेले नाही. उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य ही सत्‌ची स्वतःचीच लक्षणे आहेत, असे उमास्वामींनी ‘तत्त्वार्थसूत्रा’त सांगितले. म्हणजे जैन दृष्टीने प्रत्येक द्रव्य हीच आपली तुळई. ख्रिस्ती विचारतो, ‘मुळात काही आहे, ते का आहे?’ जैन म्हणतो, ‘सत्‌ला कारण लागत नाही.’ ख्रिस्ती तेच ईश्वराविषयी म्हणतो. दोघेही कारण नसलेल्या कशापाशी तरी थांबतात. कोठे थांबायचे एवढाच वाद उरतो. तो वाद लहान नाही, पण ‘तुमच्या ईश्वराला कोणी निर्माण केले?’ या एका वाक्याने तो मिटतो, असे समजणारे आपल्यातले वक्ते घाई करतात.

इतर युक्तिवाद थोडक्यात सांगता येतात. १८०२ साली विल्यम पेली यांनी घड्याळाचा दाखला दिला: माळावर घड्याळ सापडले तर घड्याळजी असलाच पाहिजे, मग डोळ्यासारखी रचना आपोआप कशी? १८५९ मध्ये डार्विन यांचा ग्रंथ आला आणि या दाखल्याची धार बरीच बोथट झाली. मनुष्याच्या अंतःकरणातील ‘हे केलेच पाहिजे’ या हाकेवरून हाक देणारा कोणी आहे, असे मानणारा नैतिक युक्तिवादही आहे. रोमन कॅथलिक धर्मसभेने १८७० मध्ये असे ठरवले की, ईश्वर आहे हे बुद्धीच्या नैसर्गिक प्रकाशात निश्चित जाणता येते. उलट विसाव्या शतकातील प्रोटेस्टंट पंडित कार्ल बार्थ यांनी अशा सर्व वाटा नाकारल्या. ईश्वराने स्वतः होऊन प्रकट व्हावे, मनुष्याने तर्काने त्याच्यापर्यंत चढून जाऊ नये, असे त्यांचे मत. घरातला वाद घरातच पुष्कळ आहे.

वस्तुतः तर्काने ईश्वर सिद्ध झाला म्हणून ख्रिस्ती झालेला मनुष्य क्वचितच आढळतो. मराठी मुलखात तर ही गोष्ट नावानिशी पाहता येते.

नीळकंठशास्त्री गोरे हे चित्पावन ब्राह्मण. जन्म १८२५ चा, घर काशीत. मिशनऱ्यांना वादात हरवायला निघालेला हा न्यायशास्त्राचा अभ्यासक १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाला. ‘षड्दर्शन-दर्पण’ या आपल्या ग्रंथात त्यांनी हिंदू दर्शनांची तर्काने चिकित्सा केली. पण त्यांच्या चरित्रातील लक्षणीय गोष्ट अशी की, धर्मांतरानंतरही शंकांनी त्यांना आयुष्यभर सोडले नाही. तर्काने बांधलेले घर तर्काच्याच वाऱ्याने हलत राहिले. असे असूनही त्यांच्याच लेखनाने एका विदुषीच्या बुद्धीचे समाधान केले, आणि ती विदुषी म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले म्हणून जातभाईंचा रोष घेतला. कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरे. १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला आणि आईवडील व थोरली बहीण काही महिन्यांच्या आत उपासमारीने गेली. व्रते केली, दाने दिली, मूर्तींपुढे बसून राहिले, तरी कोणी ऐकले नाही, हा विचार रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास यांच्या मनात तेव्हा रुजला. पुढे बंधू गेले, आणि लग्नाला दोन वर्षे होण्याच्या आत १८८२ मध्ये पतीही गेले. तान्ही मनोरमा कडेवर घेऊन १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला पोचल्या.

त्यांना ख्रिस्ती केले ते एका भेटीने. वॉन्टेज येथील जोगिणींनी त्यांना लंडनजवळच्या फुलम येथे नेले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथे ठेवून घेत, त्यांची सेवा करीत, त्यांना काम शिकवीत. धर्मशास्त्रांत अशा स्त्रियांसाठी शिक्षा वाचलेल्या रमाबाईंनी एवढेच विचारले की, तुम्ही हे का करता? उत्तरादाखल त्यांना विहिरीपाशी येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली: पाच नवरे झालेली, लोकांनी टाळलेली ती स्त्री, आणि तिच्याकडे पाणी मागून तिच्याशीच ईश्वराच्या खऱ्या उपासनेविषयी बोलणारा तो पुरुष. हे रमाबाईंनी स्वतः आपल्या आत्मनिवेदनात लिहिले आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला.

एवढ्यावर कथा संपवणारे मिशनरी चरित्रकार एक गोष्ट घाईत ओलांडतात. बाप्तिस्म्यानंतर रमाबाईंनी आपल्या गुरुभगिनींना जेरीस आणले. एक ईश्वर तीन कसा, येशू ईश्वर कशावरून, कुमारीपासून जन्म कशासाठी मानावा, असे प्रश्न त्या वर्षानुवर्षे पत्रांतून विचारीत होत्या. गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असेही त्यांनी विचारले. विलायतेतही त्या शाकाहारी राहिल्या. अंडे घातलेले पक्वान्नही त्यांनी नाकारले, आणि हा जुन्या जातीचा अभिमान आहे, असा ठपका सोसला. आपल्या वाचकांना ही बाई ओळखीची वाटेल.

तर त्यांच्या श्रद्धेचा आधार कोणता? बुद्धीचे समाधान गोरे यांच्या लेखनाने केले, हे खरे. पण पाया होता तो फुलमच्या घरात पाहिलेल्या आचरणाचा, आणि त्या आचरणामागे ज्याचे नाव घेतले गेले त्या व्यक्तीचा. ख्रिस्ती श्रद्धेची घडणच अशी आहे. ईश्वर आहे, असे आधी ठरवून मग येशूला मानावे, हा क्रम पुस्तकातला. प्रत्यक्षात येशूकडे पाहून ‘ईश्वर असेल तर तो असाच असेल’ या ठिकाणी लोक पोचतात.

नारायण वामन टिळकांची वाटही याच दिशेची. १८९३ मध्ये नोकरीसाठी राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांच्या मनाने ठाव घेतला तो मत्तयच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांतील डोंगरावरच्या प्रवचनापाशी. शत्रूवर प्रेम, अपकाराला उपकार, मनातला क्रोध हीच हत्येची सुरुवात. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंवर त्या दिवसापासून काय कोसळले, ते ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्याला सांगायला नको. आपण तुकारामांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत. १९१७ मध्ये मिशनचे काम सोडून ते साताऱ्याला आले आणि तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तेथे एकत्र बसावेत, अशी ती कल्पना. म्हसवड ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्याच्या गावी हे घडले. १९१९ मध्ये टिळक गेल्यावर तो दरबार ओसरला.

डोंगरावरच्या प्रवचनातील क्षमा आणि आपली उत्तम क्षमा शेजारी ठेवल्या की, दोन्ही एकच वाटतात. आधार मात्र निराळे आहेत. सर्व जीवांना दुःख अप्रिय आहे, म्हणून कोणाला दुखवू नये, हे जैन कारण. आकाशातील पिता सज्जन आणि दुर्जन दोघांवर सूर्य उगवतो, पाऊस पाडतो, म्हणून त्याच्या लेकरांनीही भेद करू नये, हे ख्रिस्ती कारण. पाऊस सर्वांना सारखा पडतो, हा दाखला माणदेशात वाचताना अण्णांना थोडे हसू आले, असे नात सांगते.

ख्रिस्ती श्रद्धेचा आणखी एक आधार आहे, आणि जैन मनाला तोच सर्वांत दूरचा वाटतो: एक घटना. येशूला क्रूसावर मारले आणि तिसऱ्या दिवशी तो जिवंत दिसला. पौलाने करिंथच्या मंडळीला पाठवलेले पत्र या घटनेनंतर सुमारे पंचवीस वर्षांच्या आतले समजले जाते. ज्यांना येशू दिसला त्यांची यादी पौल त्यात देतो, आणि हे खरे नसेल तर आपला सारा विश्वास व्यर्थ आहे, असे स्वतःच म्हणतो. धर्माने एवढे मोठे वजन एका खिळ्यावर टांगावे, याचे आश्चर्य वाटते. तीर्थंकरांचा उपदेश कोणत्याही एका घटनेवर अवलंबून नाही. महावीरांच्या चरित्रातील एखादा प्रसंग इतिहासाला पटला नाही, तरी कर्मसिद्धांत ढळत नाही. समंतभद्राचार्यांनी तर ‘आप्तमीमांसे’च्या आरंभीच जिनेंद्रांना सांगितले की, देव खाली येतात, आकाशातून गमन होते, चवऱ्या ढाळल्या जातात, यामुळे तुम्ही आम्हांला थोर वाटत नाही, हे तर मायावी लोकांतही दिसते. चमत्कार हे प्रमाण नव्हे, ही भूमिका आपल्या घरात इतकी जुनी आहे. ख्रिस्ती अभ्यासक यावर म्हणतो की, पुनरुत्थान हा सामर्थ्य दाखवण्याचा खेळ नव्हे. मारल्या गेलेल्या निरपराध माणसाच्या बाजूने ईश्वराने दिलेला तो निकाल आहे. उत्तर मान्य नसले तरी ते जादूगाराचे उत्तर नाही, एवढे कबूल केले पाहिजे.

हाच प्रश्न एका जैन व्यापाऱ्यापुढे पूर्वी एकदा लेखी आला होता. १८९३ हे वर्ष विलक्षण होते: टिळक आगगाडीत होते, वीरचंद राघवजी गांधी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत जैन धर्म मांडत होते, आणि मोहनदास गांधी दक्षिण आफ्रिकेत पोचले होते. तेथे ख्रिस्ती स्नेह्यांनी त्यांच्या मागे आग्रह धरला. तरुण बॅरिस्टरांनी मुंबईला जवाहिराचा व्यापार करणाऱ्या श्रीमद् राजचंद्रांना सत्तावीस प्रश्न लिहून पाठवले. ईश्वर म्हणजे काय, तो जगत्कर्ता आहे का, बायबल ईश्वरप्रेरित आहे का, येशू ईश्वराचा अवतार आहे का, त्याचे चमत्कार खरे का, असे प्रश्न त्यांत होते. २० ऑक्टोबर १८९४ चे उत्तर उपलब्ध आहे. आत्म्याचे शुद्ध स्वरूप हेच ऐश्वर्य, जगाचा निराळा कर्ता नाही, आणि जीव सदैव परतंत्र राहतो, असे मानणारे मत आपल्याला पूर्ण वाटत नाही, असा त्याचा आशय. त्यांनी येशूची निंदा केली नाही, आणि ‘तू ख्रिस्ती होऊ नकोस’ असा हुकूमही सोडला नाही. त्या वेळी राजचंद्र सत्तावीस वर्षांचेही नव्हते.

परतंत्रतेचा हा मुद्दा अण्णांनी पुष्कळ दिवस मनात घोळवला, कारण त्याची दुसरी बाजू त्यांना दुकानाच्या वहीत दिसली. ख्रिस्ती प्रार्थनेत पापांना ‘ऋण’ म्हटलेले आहे. मत्तयच्या अठराव्या अध्यायात एका चाकराची गोष्ट येते: राजाचे इतके कर्ज की, सात जन्मांत फिटू नये, आणि राजा ते माफ करतो. जैन घरातही कर्माला हिशोब म्हणण्याची सवय आहे, जमा आणि नावे. तेव्हा प्रश्न आला की, तेथे माफी आहे, तर येथे का नाही?

१९७२ च्या दुष्काळात अण्णा पंचविशीत होते. गाव खडी फोडायला कामावर जाई. सुकडी आणि लाल मिलो खाऊन दिवस निघत. उचापतीवर माल नेलेल्यांची पाने खतावणीत भरली होती. पुढच्या दिवाळीच्या वहीपूजनाआधी अण्णांच्या वडिलांनी त्यांतील बत्तीस पानांवर आडवी रेघ मारली आणि नव्या वहीत ती नावे कोऱ्या पानाने सुरू केली. बार्शीच्या अडत्याचे देणे मात्र कोणी माफ केले नव्हते. ते भागवायला अण्णांच्या आईच्या पाटल्या गेल्या. देणे माफ होते तेव्हा ते नाहीसे होत नाही. माफ करणारा ते आपल्या अंगावर घेतो, हे अण्णांना त्या घरात राहून कळले होते. पन्नास वर्षांनी त्यांना उमगले की, ख्रिस्ती माणूस क्रूसाविषयी नेमके हेच म्हणतो. ईश्वराने रेघ मारली आणि पाटल्या स्वतःच्या दिल्या. दुष्काळात लेकरे मरत असता ईश्वर कोठे होता, या रमाबाईंच्या घरातल्या प्रश्नाला ख्रिस्ती मतात तत्त्वज्ञानाचे समाधानकारक उत्तर नाही. जो आहे तो क्रूस: तो वर बसून पाहत नव्हता, तोही त्यातच होता. सिस्टरांच्या ‘देवाची इच्छा’ या शब्दांमागे हे होते. अण्णांनी ते हुकमाच्या अर्थाने ऐकले.

समजणे आणि मान्य करणे यांत अंतर असते. अण्णांना मान्य झाले नाही, आणि त्याचे कारण त्यांनी नातीला स्पष्ट सांगितले. कर्म हे कोणाचे देणे नाही. समोर कोणी सावकार बसलेला नाही. जैन शास्त्रात कर्म हे पुद्गल आहे. कषायांनी ओला झालेल्या जीवाला ते धुळीसारखे चिकटते. अंगावरची धूळ दुसऱ्याने ‘माफ’ करता येत नाही. ती झटकावी लागते, आणि ज्याची त्यालाच. ‘कर्माचा हिशोब’ हे आपले बोलणेच मुळात उसने आणि फसवे आहे. जमा-नावेची भाषा वापरायची असेल तर माफीही मागावी लागेल. ती भाषा सोडली तर माफीचा प्रश्न उरत नाही. व्यापाऱ्यांच्या समाजाला ही भाषा सोडणे कठीण जाते, हे वेगळे.

“पण मग आजोबा,” नातीने विचारले, “सिस्टरांच्या प्रश्नाचं काय? तुम्ही रात्री कोणाशी बोलत होता?”

येथे अण्णा बराच वेळ थांबले. समंतभद्रांनी वासुपूज्य स्वामींच्या स्तुतीत म्हटले आहे की, वीतरागाला पूजेने काही मिळत नाही, निंदेने त्याचे काही जात नाही. तरी त्याच्या गुणांची आठवण आपले चित्त निर्मळ करते. उत्तर हेच, आणि ते अण्णांना तोंडपाठ होते. पण त्या रात्री पलंगाशेजारी बसून त्यांनी केवळ गुणस्मरण केले नव्हते. त्यांनी मागितले होते. कोणी ऐकत नाही, हे मानत असूनही मागितले होते. नातीला त्यांनी तेही सांगितले. “शास्त्र चुकलं नाही,” ते म्हणाले, “मी कच्चा निघालो. पण सिस्टरांनी मला पकडलं ते बरोबर जागी.”

पुढच्या वर्षी दशलक्षण पर्व संपले आणि क्षमावाणीला घरातून नेहमीप्रमाणे पत्रे निघाली. अण्णांनी एक कार्ड स्वतःच्या हाताने लिहिले. पत्ता मिरजेचा. त्यात लिहिले होते की, आपल्या शब्दाला त्या पहाटे धार आली, त्याबद्दल क्षमा असावी. आपण विचारलेल्या प्रश्नावर वर्षभर वाचन चालू आहे. आपले म्हणणे पटले नाही, परंतु आधी वाटले होते तसे ते उथळ नाही, हे कळले.

उत्तर दिवाळीनंतर आले. सिस्टरांनी लिहिले होते, आजोबा, रागवण्यासारखं काही नव्हतंच. मीही त्या रात्रीनंतर ‘देवाची इच्छा’ हे शब्द पेशंटच्या माणसांसमोर लगेच उच्चारत नाही, आधी शेजारी बसते. आजींसाठी मी अजून अर्धा मिनिट डोळे मिटते. तुमची हरकत असेल तर कळवा.

अण्णांनी पत्र चालू वहीच्या पहिल्या पानात ठेवले. उत्तर लिहून पोस्टात टाकू का, असे नातीने विचारले तेव्हा ते म्हणाले, “नको. हळदीचे भाव बघायला सांगलीला जायचंच आहे. मिरजेला उतरू आणि समक्ष सांगू, हरकत नाही म्हणून.”